चिंचफाट्याचा कायमचा पंच

देगलूर सोडून रस्ता तेलंगणाकडं उतरायला लागला की चिंचफाट्याचं वळण लागतं. त्या वळणावर मकबूलचं सायकलीचं दुकान. दुकान म्हणजे काय, डोक्यावर चार पत्रे, एक हवेचा पंप, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि खिळ्यांना टांगलेले टायर. पुढून उघडं, बाजूनं उघडं. आणि ह्या उघडेपणानंच त्या माणसाचा घात केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

कसं ते सांगतो. फाट्यावर अपघात झाला की पोलिसांना दोन पंच लागतात. मढं कुठं पडलं, चाकाची खूण किती हात लांब, हे आमच्यासमोर मोजलं म्हणून कागदावर सही ठोकणारी दोन माणसं. आता असल्या कामाला कोण उभं राहतंय? पुढं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. टायर करकचून वाजले, किंकाळी आली, की समोरचा हॉटेलवाला गॅस बंद करून शेतात जायचा आणि पानवाला आतून शटर ओढायचा. मकबूलला शटरच नव्हतं. जीप थांबायची, रामलिंग जमादार खाली उतरायचा नि म्हणायचा, "मकबूलभाई, ये बाबा. तूच हायेस." दुसरा पंच कुणीतरी वाटसरू. पहिला कायमचा हाच.

साठीला टेकलेला माणूस. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. मराठी बोलायला फाट्यावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण मराठी वाचता येत नव्हतं. जमादारानं वाचून दाखवायचं आणि ह्यानं उर्दूत नाव लिहायचं, अशी वहिवाट पडली होती. घरात विधवा लेक बानो आणि तिची पोरगी हुस्ना. हुस्ना नववीत, वर्गात दुसरी. पहिल्या नंबराच्या पोरीला दोन मार्क जास्त कसे पडले ह्यावर घरी रोज भांडायची. ह्या पोरीनं दहावी काढावी, मग नांदेडला नर्सिंगला जावं, एवढं एकच म्हाताऱ्याच्या मनात होतं. बाकी त्यानं अल्लाकडं काही मागितलं नाही.

आता आणखी एक गोष्ट. फाट्याच्या अलीकडच्या गावांतल्या पोरींना आठवीत गेलं की सरकारी योजनेतून सायकल मिळायची. सुटे भाग यायचे, आणि ते जोडायचं काम मकबूलकडं. म्हणजे त्या रस्त्यानं जाणारी प्रत्येक पोर त्याच्या हातच्या सायकलीवर बसलेली. सगळ्या सायकली एका रंगाच्या, एका मापाच्या, पण ह्याला प्रत्येक ओळखू यायची. त्यामुळं झालं काय, की अपघात झाला की पोलिसांना मयताचं नाव विचारायला लांब जावं लागत नसे. मकबूल पुढच्या चाकाचा वाकडा झालेला चिमटा बघायचा, चेन बघायची आणि सांगायचा. तोंडावरचं कापड काढायच्या आधीच त्याला कळलेलं असायचं. तीन वर्षांत अकरा वेळा त्यानं असं सांगितलं. अकरांतले सहा गेले आणि पाच लंगडे, थोटे होऊन घरी आले. हे काय जगणं झालं का? पण कुणाला त्याचं काय पडलेलं!

रामलिंग जमादार माणूस वाईट नव्हता. अक्षर मोत्यासारखं. मात्र त्याला एक खोड लागली होती, आणि ती लावली एका साहेबानं. कधीकाळी मराठी भाषेच्या पंधरवड्यात साहेबानं त्याचा पंचनामा उचलला आणि सगळ्या ठाण्यासमोर वाचला. "ट्रक, सायकल, अ‍ॅक्सिडेंट! जमादार, आईचं दूध प्यालात का इंग्रजांचं?" रामलिंगानं त्या दिवशी कानाला खडा लावला. तेव्हापासून ट्रकची मालमोटार झाली, अ‍ॅक्सिडेंटचा अपघात झाला आणि सायकलची झाली दुचाकी.

"दुचाकीस्वार मयत..." जमादार वाचायचा.

"दुचाकी?" पहिल्यांदा मकबूलनं विचारलं होतं.

"दोन चाकं हायेत का न्हाईत?"

"हायेत की."

"मग? दुचाकीच. कर सही."

मकबूलला ते पटलंही. दोन चाकांची ती दुचाकी, ह्यात खोटं काय? जन्मभर दोन चाकंच फिरवलेल्या माणसाला हा शब्द उलट भारदस्त वाटला. पेपरवाले दुचाकी म्हणतात ती मोटारसायकल, हे त्याला कोण सांगणार! तो पेपर वाचत नव्हता, आणि जमादार वाचत होता पण लिहिताना विसरत होता.

अकराव्या अपघातानंतर गावातला किशनराव पेटून उठला. सोळा एकर काळ्या रानाचा मालक, आवाज मोठा. त्यानं अर्ज केला, शंभर सह्या जोडल्या, आणि एकच मागणी केली: फाट्याच्या दोन्ही अंगाला ब्रेकर टाका. मुरमाचे टिप्पर उतारावर जीव घेऊन सुटतात, त्यांना लगाम लावा. अर्ज फिरत फिरत रस्ता सुरक्षेच्या समितीकडं गेला आणि समिती एका दिवशी शाळेच्या हॉलमध्ये आली. मोठे साहेब, दोन इंजिनियर आणि आकडेवारीच्या उज्वला मॅडम. मॅडम तरुण, मनानं चांगल्या. येताना त्यांनी पोरींसाठी बिस्किटाचे पुडे आणले होते.

भिंतीवर रंगीत रकाने उमटले. मॅडमनी समजावून सांगितलं, "चिंचफाटा, तीन वर्षं. दुचाकीचे अपघात अकरा. सायकलचे अपघात शून्य."

मागं बसलेल्या मकबूलनं कान टवकारले. शून्य?

मॅडम पुढं बोलतच होत्या. "अकराच्या अकरा चालक विना हेल्मेट. अकराच्या अकरा विना परवाना. आठ तर अठरा वर्षांखालचे. शंभर टक्के, सर! इतकी स्वच्छ आकडेवारी मी कुठंच पाहिली नाही. इथं रस्त्याचा दोष नाही, पालकांचा आहे. आणि दुसरी बाजू बघा, सायकल ह्या रस्त्यावर पूर्ण सुरक्षित आहे. आणखी चाळीस मुलींना सायकली द्यायला हरकत नाही."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पोरींनी सगळ्यात जास्त वाजवल्या, चाळीस सायकली म्हटल्यावर.

मकबूलनं शेजारच्या जमादाराची बाही ओढली. "जमादार, शून्य कसं वो? म्या तर..."

"गप बस. साहेब लोक हायेत. समदं लिहिलेलं हाय, मागून बघू."

आणि मकबूल गप बसला. अहो, उठून एक वाक्य बोलायचं होतं! पण पंक्चर काढणाऱ्या माणसाला भिंतीवरच्या रंगीत रकान्यांची भीती वाटते. किशनराव मात्र ब्रेकर, ब्रेकर म्हणून ओरडला. त्याला सांगण्यात आलं की हेल्मेट न घालणाऱ्यासाठी सरकार रस्ते उकरत बसत नाही. रोग हल्याला आन इंजेक्शन पखालीला, ते असं.

महिनाभरात समितीनं उपाय केला. फाट्यावर दोन लोखंडी खांब रोवून हा मोठा बोर्ड लावला: हेल्मेट घाला, जीव वाचवा. लावला कुठं? बरोबर वळणाच्या पोटात. आधी शाळेकडून येणाऱ्या पोरींना उतारावरचा टिप्पर निदान दिसायचा. आता टिप्परच्या जागी हेल्मेट घातलेला गोरागोमटा बाप्या दिसायला लागला, हसणारा.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी त्या बोर्डामागून टिप्पर आला आणि बारावी सायकल गेली. मकबूल धावला. पोरीचं तोंड खाली होतं, त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. आडवी पडलेली सायकल बघितली, डाव्या पायडलला आपण घातलेलं तांब्याचं वायसर बघितलं, आणि त्याला कळलं. किशनरावाची सुकन्या. हुस्नाच्या वर्गातली, पहिल्या नंबराची.

लोकांनी टिप्परवाल्याला पकडून चोप दिला आणि जमादाराच्या ताब्यात दिला. मग पंचनामा सुरू झाला. जमादार वाचत गेला, "अल्पवयीन दुचाकीस्वार..."

"जमादार, सायकल लिहा," मकबूल म्हणाला. "आज तरी सायकल लिहा."

"आता तीन वर्सं दुचाकी लिहून राहिलो, आन आज सायकल लिहू? वरून इचारतील, आधीच्या काय व्हत्या मग? माझं पेन्शन तोंडावर आलंय, मकबूलभाई. टिप्परवाला आत जातोय ना? झालं तर मग. कर सही."

मकबूलनं सही केली. हो, केली. मला ह्या माणसाची दया येते आणि रागही येतो, आणि दोन्हींतलं जास्त काय येतं ते अजून ठरत नाही.

तेराव्याचं जेवण उठलं आणि दुसऱ्या दिवशी किशनरावाला नोटीस आली. आपण आपल्या अल्पवयीन पाल्यास विना परवाना, विना हेल्मेट दुचाकी चालविण्यास दिल्याने तिचा मृत्यू ओढवला, तरी आपणावर कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा करावा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर मेलेल्या पोरीच्या बापालाच धरलं होतं.

किशनराव ती घेऊन फाट्यावर आला, बरोबर बायको शिवकन्या. ती घरातून बाहेर पडलेली बघून पानवाल्यानं मान खाली घातली.

"मकबूलभाई, सही तुमची हाय म्हणं," किशनराव म्हणाला. त्याचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "वाचून दाखवू का? दुचाकी लिवलंय. तुमीच सांगा, माझ्या लेकीला म्या गाडी घेऊन दिली व्हती का?"

शिवकन्यानं नवऱ्याला थांबवलं. "भाऊ, मला येवढंच सांगा," ती म्हणाली. "सायकलीचा परवाना निघतो का वो? निघत असल तर आमी काढला असता. आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

ती खरोखर विचारत होती. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मकबूलला सोसला असता.

त्या घटकेला त्याला सगळं उलगडलं. दुचाकी म्हणजे काय, शून्य कुठून आलं, बोर्ड कुणी लावला. त्याच्या सहीनं लावला होता. तो म्हणाला, "पुढल्या मिटिंगला म्या बोलणार, किशनराव. अल्लाकसम बोलणार."

मिटिंगच्या आदल्या दिवशी जमादार दुकानावर आला. हवा भरायचं निमित्तही केलं नाही, सरळ मुद्द्यावर आला. "बोलशील तर इचार करून बोल. पंचच म्हणला की पंचनामा चुकीचा, तर टिप्परवाल्याचा वकील नाचंल. केस गेलीच समज. किशनरावाला सांगितलंस का हे?"

मकबूलनं सांगितलं. किशनराव रात्रभर विचार करायला थांबला नाही, तिथल्या तिथं म्हणाला, "सुटला तर सुटला. ब्रेकर पडू द्या. माझी गेली, बाकीच्या पोरी तरी जगतील."

मिटिंगला मकबूल धुतलेला सदरा घालून गेला आणि उभा राहिला. कागद नव्हता हातात. त्यानं बारा सायकली सांगितल्या, एकामागून एक. कुणाचा चिमटा वळला होता, कुणाची घंटी रस्त्याच्या पलीकडं सापडली, कुणाच्या कॅरिअरला डबा अजून बांधलेला होता. बारा नावं, बारा गावं. "एक बी मोटारसायकल नव्हती, मॅडम. समद्या सायकली. म्याच जोडलेल्या. दुचाकी म्हणून सही म्याच केली, चूक माझी हाय. पण शून्य न्हाई वो, बारा हायेत."

उज्वला मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली, लॅपटॉप उघडला आणि तिथल्या तिथं दुरुस्ती केली. भिंतीवरचा उंच खांब एका रकान्यातून उठला आणि शेजारच्या रकान्यात जाऊन बसला. दुचाकी शून्य. सायकल बारा. किशनरावाची नोटीस रद्द झाली. मकबूलला वाटलं, जिंकलो. खुर्चीवर टेकताना त्याच्या तोंडावर हसूसुद्धा आलं, गरिबाच्या.

मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे ह्या ठिकाणी शंभर टक्के अपघात सायकलचे आहेत."

"शंभर टक्क्यात टिप्पर बी हाय की, साहेब!" किशनराव ओरडला.

"किशनराव, आकडे असे वाचत नाहीत. मॅडम, रोज वाहनं किती जातात?"

मॅडमनी बघितलं. "जड वाहनं चारशे. सायकली साठ, सर." आणि बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. पुढचं काय येणार ते त्यांना कळलं होतं, गणित त्यांचंच होतं.

"चारशे टिप्परना बारा अपघात आणि साठ सायकलींनाही बारा. म्हणजे इथं टिप्परपेक्षा सायकल जवळजवळ सातपट धोकादायक आहे. सायकल वाटपाला आम्हीच मागं हरकत नाही म्हटलं होतं, ती चूक आज ह्या चाचांनी दाखवून दिली. त्यांचे आभार मानले पाहिजेत."

आणि ठराव झाला. चिंचफाट्यावरून सायकलला मनाई. मुलींच्या सायकली पुढील व्यवस्था होईपर्यंत शाळेत जमा कराव्यात. ब्रेकरचं काय? धोकादायक वाहनच रस्त्यावर राहणार नाही म्हटल्यावर ब्रेकर कशाला? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. त्या दिवशी हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

जमा झालेल्या सायकलींच्या चेनी काढून ठेवायला शाळेनं मकबूललाच बोलावलं, कारण त्यानंच त्या घातल्या होत्या. साठ चेनी त्यानं उतरवल्या. हुस्नाचीही उतरवली. ती शाळेच्या पायरीवर बसून बघत होती. घरी येताना चार किलोमीटर दोघं चालत आले, आणि अर्ध्या वाटेत ती घरच्या बोलीत एवढंच म्हणाली, "नाना, तुमे चुप बैठे रहते तो अच्छा था."

एसटी अकराची आणि शाळा साडेदहाची. बाईंनी चार दिवस उशिरा येऊ दिलं, मग पाचव्या दिवशी बाहेर उभं केलं. पोरांना बापांनी मोटारसायकली दिल्या. पोरी काही दिवस घोळक्यानं चालत गेल्या, हरभऱ्याचं खळं आलं तशा थांबल्या, आणि एकदा थांबलेली पोर परत कुठं जाते? बानोनं हुस्नाला शिवणाच्या मशीनवर बसवलं. नापास झाली असती तरी म्हाताऱ्यानं मनाची समजूत घातली असती.

पुढं टिप्परवाला सुटला. जमादार म्हणाला होता तसंच झालं. वकिलानं मिटिंगचा कागद काढला, मकबूलला पिंजऱ्यात उभं केलं आणि विचारलं, "तुम्ही बारा वेळा खोटी सही केली, तेरावी गोष्ट खरी कशावरून?" कोर्टाबाहेर शिवकन्या त्याच्या जवळून गेली, थांबली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, ब्रेकर तर पडला न्हाई." किशनरावानं त्यानंतर फाट्यावरून जाताना कधी दुकानाकडं मान वळवली नाही.

दोन वर्षांनी उज्वला मॅडमचा फोन आला. चिंचफाट्याचं नाव धोक्याच्या जागांच्या यादीतून निघालं होतं, दोन वर्षांत एकही अपघात नाही. ही बातमी त्यांना आधी चाचांना सांगायची होती. मकबूलनं विचारलं, आता तरी ब्रेकर टाकून पोरींना सायकली परत देता का? मॅडम म्हणाल्या, "चाचा, जिथं अपघातच नाहीत तिथं ब्रेकर मंजूर होत नाही हो. मी मागणी करून बघितली."

त्याच आठवड्यात बिदरकडून हुस्नाला बघायला पाहुणे आले. मुलगा वेल्डिंग करायचा. मुलाच्या बापानं बिस्किट चहात बुडवलं आणि विचारलं, पोरगी किती शिकली? नववी, मकबूल म्हणाला. का सोडली? मकबूलच्या आधी बानोनंच सांगितलं, वाट चांगली नव्हती. पाहुण्यानं मान हलवली. बरं केलं म्हणाला, पोरीची जात. मग आठवल्यासारखं त्यानं विचारलं, "वो फाटे पे छोरियाँ मरते थे सो येइच क्या?"

"हौ, येइच," मकबूल म्हणाला. "अब नई मरते."

दारातून हुस्ना रिकामे कप न्यायला आली होती. तिनं ते ऐकलं, कप ट्रेमध्ये ठेवले आणि आत गेली. पाहुण्यांना पोरगी पसंत पडली.